परसातल्या तळ्यात साप दिसला तर काय करायचं

जूनमधे दोन मोठे पाऊस झाले की बेडूक ओरडायला लागतात, आणि मग आठवडाभरात ओळखीतल्या कोणाचा तरी फोन येतोच, अरे तळ्यात साप आहे, काय करू. आमच्याकडे कोकणात परसदारी चिऱ्यांचं छोटं तळं आहे, कमळ, गप्पी मासे, बाजूला केळी, त्यामुळे दर पावसाळ्यात साप बघतोच, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

दिसला की पहिल्यांदा मागे व्हा. पोरांना आणि कुत्र्याला आत घ्या आणि आठ-दहा फुटांवरून नुसतं बघत रहा. दगड मारायचा नाही, काठीने डिवचायचं नाही, बहुतेक वेळा तो थोड्या वेळाने आपला आपण निघून जातो. जमला तर लांबूनच झूम करून फोटो काढा.

पाण्यात पोहणारा, डोकं वर काढून बेडकावर टपलेला साप बहुतेक वेळा दिवड असतो, कोणी पाणदिवड म्हणतं तर कोणी विरोळा. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन आणि डोळ्यापासून खाली-मागे जाणाऱ्या दोन तिरक्या काळ्या रेघा, ही खूण लक्षात ठेवा. बिनविषारी आहे, पण तापट. कोंडीत पकडलं की मान चपटी करतो, अंग उचलतो आणि लोकांना वाटतं नागच फणा काढून बसलाय, आणि या एका गैरसमजापायी किती दिवड काठीखाली मरतात ते बघून खरंच वाईट वाटतं. आता फण्यावर दहाचा आकडा नाही म्हणजे नाग नाही असंही समजू नका, काही नागांना तो नसतोच. नागही पोहतो आणि बेडकासाठी तोही तळ्यावर येतो. म्हणून शंभर टक्के ओळख पटली नसेल तर विषारीच समजून वागा.

साप पाण्यात असेल आणि घराकडे येत नसेल तर कोणाला बोलवायची गरज नाही. घरात, पडवीत शिरला किंवा जागचा हलतच नसेल तर वनविभागाच्या १९२६ नंबरवर फोन करा, नाहीतर गावातला अनुभवी सर्पमित्र बोलवा, आणि तो येईपर्यंत एकाने लांबून नजर ठेवा, नाहीतर गेला कुठे यावर सगळं घर रात्रभर जागं राहतं. स्वतः पकडायचा प्रयत्न नको. साप विषारी असो नाहीतर बिनविषारी, त्याला मारणं, पकडून ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

आता मुख्य गोष्ट. धोका पाण्यात कमी आणि पाण्याच्या आजूबाजूला जास्त असतो. तळ्याला लागून झावळ्यांचा ढीग, नारळाची सोडणं, उरलेले चिरे, जळाऊ लाकडं, असं काय काय पडलेलं असतं आणि फुरसं, मण्यार, घोणस हे विषारी साप लपतात ते तिथे. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची कामं काढता तेव्हाच हे सगळं तळ्यापासून लांब न्या, लाकडं जमिनीवर न ठेवता उंच फळीवर रचा. तळ्याभोवती दोन-तीन हात गवत बारीक ठेवा म्हणजे आलेला साप दिसतो तरी. बांधकामातल्या फटी सिमेंटने भरा, दगडी गडगा असेल तर त्याच्या बुडाशी हात घालू नका. कोंबड्यांचे दाणे, माशांचं खाद्य रात्री उघडं टाकू नका, त्याला उंदीर येतात आणि उंदरामागे धामण, नाग, घोणस येतात. फिनेल, कार्बोलिक, गंधक, लसूण यातल्या कशानेही साप थांबत नाही, उलट ते पाण्यात उतरलं तर मासे आणि बेडूक मरतील.

जाळ्याबद्दल मुद्दाम सांगतो. खंड्या मासे नेतो म्हणून मी एकदा तळ्यावर नायलॉनचं सैल जाळं टाकलं होतं, सकाळी बघतो तर चांगली तीन फुटी दिवड त्यात अडकलेली, जितकी सुटायला बघेल तितके धागे खवल्यात रुततायत. सर्पमित्राने बारीक कात्रीने एकेक धागा कापून सोडवली पण पोटाशी जखम झालीच, ती जगली की नाही माहीत नाही आणि ते अजून मनातून जात नाही. सैल जाळं कधीच नको. झाकायचंच असेल तर कडक तारेची बारीक जाळी फ्रेमवर ताणून बसवा आणि जादा पाण्याच्या पाइपाच्या तोंडालाही तीच जाळी लावा.

पंप साफ करताना आधी स्विच बंद, मग काठीने कमळाची पानं बाजूला करून नीट बघायचं, फिल्टरच्या डब्यात थेट हात घालायचा नाही, तिथे गारव्याला साप बसतो. रात्री परसात जाताना टॉर्च आणि पायात बूट पाहिजेतच.

चावलाच तर वर दोरी आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. अंगठी, बांगड्या, पैंजण काढा, चावलेला हात-पाय फळी लावून हाड मोडल्यासारखा स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका आणि १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखाना गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून सोबत न्यायची काही गरज नाही. मण्यार चावली तर दुखत नाही, सूज नाही, कधी खूणही दिसत नाही, म्हणून काही होत नाहीये असं म्हणून घरी थांबू नका. दिवडीच्या चाव्यात रक्त बरंच येतं, साबणाने धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, पण ती दिवडच होती याची खात्री नसेल तर सरळ दवाखान्यातच.

राहिला प्रश्न माशांचा. दिवड थोडे मासे खाणारच, पण गप्पी पटापट वाढतात, दोन-तीन महिन्यांत तळं परत भरतं. तळाशी फुटक्या कुंड्या, कौलाचे तुकडे टाकून ठेवा, माशांना लपायला जागा होते.