कोरियातल्या नूडल्सच्या खानावळीत

सोलमधल्या गल्लीबोळातल्या काल्गुक्सूच्या, म्हणजे सुरीने कापलेल्या गव्हाच्या नूडल्सच्या खानावळीत चमचे-चॉपस्टिक दिसले नाहीत तर आधी टेबलाच्या कडेचा खण उघडून बघा. पाणीही बऱ्याचदा आपणच आणायचं. किमची (कोबीचं आंबवलेलं तिखट लोणचं) संपली की बिनधास्त मागा, तिचे सहसा वेगळे पैसे लागत नाहीत.

शाकाहारी असाल तर मात्र जपून. रस्सा बहुधा शिंपल्यांचा किंवा सुक्या अँचोवीचा, म्हणजे आपल्या मांदेलीच्या चुलतभावाचा! किमचीतही बहुतेकदा खारवलेला जवळा नाहीतर मासळीचा सॉस असतो. उन्हाळ्यात कोंगुक्सू मागवा: सोयाबीनच्या गार, दाट दुधातल्या नूडल्स. पहिला घास अळणी लागेल. मीठ चवीप्रमाणे आपणच घालायचं. बिल गल्ल्यावर, टिप नाही.