बिल्ड निघाला, पुढे काय? गेम पोर्टिंगमध्ये येऊ पाहणाऱ्यांसाठी

नागपुरात बसून गेम पोर्टिंगचं, म्हणजे एका प्रणालीसाठी बनवलेला गेम दुसरीवर चालता करायचं, काम करतो म्हटलं की घरचे विचारतात, ‘पुण्याला का नाही जात?’ आणि कॉलेजातली पोरं विचारतात, ‘भाऊ, युनिटीत तर प्लॅटफॉर्म बदलायचं बटण आहे, मग तुम्ही दिवसभर करता काय?’ घरच्यांना सांगायला सोपं आहे. क्लायंट परदेशातला असतो. त्याला पुणे काय नि गायत्रीनगर काय, सारखंच. पोरांचा प्रश्न मात्र रास्त आहे.

युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ते बटण खरंच आहे, बिल्डही, म्हणजे चालवायला तयार गेमही, निघतो. तो नीट चालतो का, हे नंतर कळतं. आणि चालला तरी पुढची काही वर्षं त्याच्या तक्रारी कोण निस्तरणार, हे ठरवावं लागतं. बरेचसे गेम विंडोजपुरते राहतात ते या शेवटच्या मुद्द्यावर. तांत्रिक अडचणी आहेतच, पण पैसे देणारा असेल तर त्यातल्या बहुतेक सुटतात.

आधी त्या अडचणी. मायक्रोसॉफ्टने १९९५ मध्ये डायरेक्टएक्स आणलं आणि पीसीवरचे गेम हळूहळू त्याच्याच भाषेत ग्राफिक्स कार्डाशी बोलू लागले. ही भाषा मॅक किंवा लिनक्सला मुळातून येत नाही. ॲपलने २०१४ मध्ये स्वतःचं मेटल (अशीच एक भाषा) जाहीर केलं आणि २०१८ मध्ये ओपनजीएल ही जुनी सामाईक भाषा मोडीत काढत असल्याचं सांगितलं. २०१६ मध्ये आलेलं व्हल्कन विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे चालतं, पण ॲपल ते थेट घेत नाही. मधे मोल्टनव्हीके नावाचा दुभाष्या बसवावा लागतो. म्हणजे शेडर (रंग-प्रकाश ठरवणारे ग्राफिक्स कार्डावरचे छोटे प्रोग्रॅम) नव्याने तपासा, खोलीची (वस्तू किती दूर आहे त्याची) गणितं नव्याने तपासा. ओपनजीएलमध्ये खोली सहसा उणे एक ते एक अशी मोजतात, डायरेक्टएक्सच्या डायरेक्टथ्रीडीमध्ये आणि मेटलमध्ये शून्य ते एक. एवढ्याशा फरकाने सावल्या गायब होतात आणि तुम्ही दोन दिवस प्रकाशाच्या कोडमध्ये शोधत बसता.

सगळ्यात जास्त वेळ खाणारे बग मात्र असे भारदस्त नसतात. नव्या माणसाला मी एक नमुना हमखास देतो: विंडोजवर गेम झकास, मॅकवरही ठीक, लिनक्सवर आकाश काळंकुट्ट. पोरगा थेट शेडर उघडतो. कारण असतं फाइलच्या नावात. चित्रकाराने फाइल सेव्ह करताना पहिलं अक्षर कॅपिटल टाकलेलं, प्रोग्रॅमरने कोडमध्ये तेच स्मॉल लिहिलेलं. विंडोज हा फरक धरत नाही, मॅकही सहसा धरत नाही. लिनक्सला त्या दोन वेगळ्या फाइली. दुसरा नमुना जर्मन सेटिंगच्या मशीनचा. तिथे दशांशाला टिंबाऐवजी स्वल्पविराम लागतो, त्यामुळे सेटिंगच्या फाइलमधला ०.५ हा आकडा शून्य म्हणून वाचला जातो आणि आवाज बंद.

आता पैशाची बाजू, कारण खरी गोम इथे आहे. रॉकेट लीग या गेमने मार्च २०२० मध्ये मॅक आणि लिनक्सचा पाठिंबा थांबवला. कंपनीने सांगितलेलं कारण असं की गेम डायरेक्टएक्स ११ वर न्यायचा आहे आणि या दोन्हींवर मिळून खेळणारे ०.३ टक्क्यांहूनही कमी आहेत. त्यांच्या जागी तुम्ही काय केलं असतं? शिवाय पोर्ट एकदा केला की झालं, असंही नसतं. मॅकओएस कॅटालिना २०१९ मध्ये आलं आणि त्यावर ३२ बिटचे, म्हणजे जुन्या पद्धतीचे, सगळे गेम एका झटक्यात बंद पडले. पुढच्याच वर्षी ॲपलची एम१ चिप आली, म्हणजे प्रोसेसरच बदलला. छोट्या स्टुडिओला हा खर्च दरवेळी झेपत नाही, आणि मला त्यात आळस दिसत नाही.

लिनक्सकडे चित्र उलट फिरलंय. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारा वाइन हा प्रकल्प १९९३ पासून चालू आहे. त्यावर स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हने २०१८ मध्ये विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन उभं केलं आणि २०२२ मध्ये स्टीम डेक हा लिनक्सवर चालणारा, हातात धरून खेळायचा संगणक बाजारात आणला. आता क्लायंट म्हणतात, ‘वेगळा बिल्ड नको, विंडोजचाच प्रोटॉनवर चालवून दाखवा.’ आमचं काम त्याने संपलं नाही, बदललं. गेमच्या मधले व्हिडिओ चालत नाहीत, लाँचर अडकतो, कंट्रोलरची चिन्हं चुकीची दिसतात, हे निस्तरायचं. फसवेगिरी रोखणारी सॉफ्टवेअर मात्र अजून डोकेदुखी आहेत. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआयने २०२१ मध्ये प्रोटॉनसाठी वाट मोकळी केली, पण परवानगी प्रत्येक कंपनीने आपापली द्यायची. व्हॅलोरंट या गेमचं व्हॅनगार्ड तर विंडोजच्या कर्नलमध्येच, म्हणजे अगदी गाभ्यातच, बसतं. तिथे प्रोटॉनसारख्या दुभाष्याचं काही चालत नाही.

शिकायचं कुठून? महागडा कोर्स लावू नका. जुना लॅपटॉप घ्या, लिनक्स टाका, सी++ आणि एसडीएल (खिडकी, आवाज, कंट्रोलर सांभाळणारी तयार लायब्ररी) घेऊन एक चेंडू उडवणारा गेम लिहा आणि तो विंडोजवरही बिल्ड करा. मॅक लगेच विकत घ्यायची गरज नाही. मात्र एवढं माहीत असू द्या की मॅकवर गेम रीतसर वाटायचा तर वर्षाला ९९ डॉलरचं डेव्हलपर खातं लागतं आणि ॲपलकडून नोटरायझेशन, म्हणजे गेममध्ये घातक कोड नसल्याची तपासणी, करून घ्यावं लागतं. आणि गेमचा वेग मे महिन्याच्या दुपारी मोजू नका. बाहेर पंचेचाळीस अंश, खोलीत कूलरची दमट हवा. लॅपटॉप तापला की आपोआप मंदावतो आणि तुम्ही दोष देता प्रोटॉनला. आम्ही उन्हाळ्यात असे आकडे सकाळीच घेतो, तर्री पोह्याच्या आधी.

मुलाखतीला येताना मार्कशीटपेक्षा रेपॉझिटरीची, म्हणजे तुमचा कोड ठेवलेल्या जागेची, लिंक आणा. मी ती तुमच्यासमोर रिकाम्या लिनक्स मशीनवर उतरवतो आणि बिल्ड लावतो. बहुतेकदा अडकतोच, त्याचं काही नाही. मग लॅपटॉप तुमच्याकडे सरकवतो आणि एररची पहिली ओळ वाचता की शेवटची, ते बघतो.