डेस्कटॉप लिनक्सवर माईक मुका झाला तर

सेवा केंद्रातल्या किंवा घरच्या लिनक्स डेस्कटॉपचा माईक बंद पडला की लगेच फॉर्मॅट मारायची घाई नको. आधी पिन पाहा. मोबाईलच्या माईकवाल्या हेडफोनच्या पिनेवर ३ रेघा असतात; डेस्कटॉपच्या गुलाबी भोकाला २ रेघांची पिन लागते. म्हणजे स्प्लिटर (माईक आणि हेडफोनच्या पिना वेगळ्या करणारी छोटी वायर) आणावाच लागतो. कापसाच्या दिवसांत भोकात तूसही बसते, ती फुंकून काढा.

यूएसबी माईक असेल तर मागच्या पोर्टात लावून पाहा.

पिन ठीक असेल तर टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) alsamixer टाइप करून अल्सामिक्सर, म्हणजे आवाजाच्या पट्ट्यांचा प्रोग्राम, उघडा. एफ६ दाबून साउंड कार्ड निवडा, मग माईकच्या पट्ट्या दिसायला एफ४. पट्टीखाली ‘कॅप्चर’ दिसत नसेल तर स्पेसबार दाबा, आवाज बाणाने वाढवा. माईक बूस्ट (माईकचा आवाज आणखी वाढवणारी पट्टी) मात्र जपून. उन्हाळ्यात माणसापेक्षा कुलरच जास्त ऐकू येतो!

तरी आवाज नाही? पावूकंट्रोल (pavucontrol, आवाजाच्या सेटिंगचा प्रोग्राम) इन्स्टॉल करून उघडा. त्यातल्या कॉन्फिगरेशनमध्ये प्रोफाइल नुसतं ‘आउटपुट’ असेल तर माईक दिसणारच नाही. ‘ॲनालॉग स्टीरिओ डुप्लेक्स’ (स्पीकर आणि माईक दोन्ही चालू) निवडा. इनपुट डिव्हायसेसमध्ये बोलताना पट्टी हलली, तर माईक चांगला आहे, अडचण बहुधा ब्राउझरला माईक वापरायच्या परवानगीत आहे.