अर्थशास्त्राची हौस जोपासताना या चुका टाळा

अर्थकारणावर बोलण्याची आणि ऐकण्याची हौस मुंबईला जुनीच आहे. नानी पालखीवाला पेशाने वकील होते. तरीही अर्थसंकल्पावरील त्यांचे वार्षिक भाषण ऐकायला ब्रेबॉर्न स्टेडियमवर प्रचंड गर्दी लोटत असे. तेव्हा अर्थशास्त्राची पदवी नसणे हे हौशी अभ्यासकाचे उणेपण नव्हे. खरी चूक होते ती, समोर आलेला आकडा कशाच्या तुलनेत मांडला आहे हे न विचारता आवडत्या भाष्यकाराचा निष्कर्ष उचलण्यात.

याचा सर्वांत ठळक नमुना वाढीच्या दराबाबत दिसतो. 2021-22 च्या पहिल्या तिमाहीत (एप्रिल ते जून) देशाचा जीडीपी, म्हणजे एकूण देशांतर्गत उत्पादन, आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा 20.1 टक्क्यांनी वाढल्याचे जाहीर झाले आणि त्याचे विक्रमी वाढ म्हणून कौतुक झाले. हे गणित कागदावर मांडून पाहावे. 2019 च्या एप्रिल ते जून या तिमाहीचे उत्पादन 100 धरले, तर टाळेबंदीमुळे पुढच्या वर्षी ते साधारण 24 टक्क्यांनी आक्रसून 76 वर आले. या 76 मध्ये 20.1 टक्के मिळवले की उत्तर येते सुमारे 91. म्हणजे त्या विक्रमानंतरही अर्थव्यवस्था दोन वर्षांपूर्वीच्या पातळीच्या खालीच होती. आदल्या वर्षी काही असाधारण घडले असेल, तर तुलना त्याच्याही मागच्या वर्षाशी करावी.

महागाईचा दर 6 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आला की स्वस्ताई आली, असे मानणे हीदेखील नेहमीची चूक आहे. भाव उतरलेले नसतात, त्यांच्या चढण्याचा वेग तेवढा मंदावलेला असतो.

‘सरकारी आकडा काहीही म्हणो, माझा खर्च तर कितीतरी वाढला,’ ही तक्रार मात्र समजून घेण्यासारखी आहे, कारण इथे दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. 2012 हे पायाभूत वर्ष असलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात, म्हणजे किरकोळ महागाई मोजणाऱ्या आकड्यात, घरासाठीच्या खर्चाचा भार देशपातळीवर 10.07 टक्के होता, तर शहरी निर्देशांकात 21.67 टक्के. दादरला भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाच्या खर्चातला भाड्याचा वाटा याहूनही मोठा असू शकतो. म्हणून निर्देशांक खोटा ठरवण्याआधी आपल्या महिन्याच्या खर्चाची गटवार टक्केवारी काढावी आणि ती शहरी निर्देशांकाशी ताडून पाहावी.

रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, घटला म्हणजे आपला हप्ता लगेच कमी होईल, असेही गृहीत धरू नये. ऑक्टोबर 2019 पासून बँकांची नवी तरत्या दराची गृहकर्जे बाह्य मानदंडाशी, म्हणजे रेपोसारख्या बँकेबाहेर ठरणाऱ्या दराशी, जोडली जातात; त्याआधीचे कर्ज बँकेने स्वतः ठरवलेल्या दराच्या जुन्या पद्धतीवरच असू शकते. मंजुरीपत्र काढून वाचावे.

सर्वांत हानिकारक सवय म्हणजे भाष्यकारांना संघांत वाटणे. 2013 मध्ये जगदीश भगवती आणि अमर्त्य सेन या अर्थशास्त्रज्ञांमधील वाद रंगला, तेव्हा अनेकांनी तो वाढ विरुद्ध कल्याण असा सरळ सामना करून टाकला. प्रत्यक्षात वाढ हवी हे सेन मानत होते आणि वाढीतून मिळणारा महसूल गरिबांसाठी वापरावा हे भगवतीही म्हणत होते. मतभेद मुख्यतः भर कशावर आणि आधी काय, याबद्दल होता. बाजू घेण्याची घाई केली की वादाचा हा मोलाचा भागच हातचा निसटतो. यावर एक साधा उपाय आहे. भाष्यकाराने केलेले भाकीत तारखेसह वहीत लिहून ठेवावे आणि मुदत संपल्यावर तपासावे. ज्याच्या विधानात मुदतच नसते, त्याचे भाकीत तपासताच येत नाही, हेही ध्यानात येईल.

रिझर्व्ह बँक व्याजदराचा निर्णय जाहीर करते त्या पतधोरणाच्या दिवशी चर्चा ऐकण्याआधी तिच्या संकेतस्थळावरील पतधोरण समितीचा मूळ ठराव वाचावा. समितीच्या सहा सदस्यांपैकी कोणी कसे मत दिले, ते त्यात असते. बैठकीनंतर चौदाव्या दिवशी तिचे इतिवृत्त प्रसिद्ध होते; त्यात प्रथम वेगळे मत देणाऱ्या सदस्याचे निवेदन शोधावे आणि त्याने कोणत्या आकड्याला अधिक वजन दिले, ते बहुमताच्या निवेदनांशेजारी ठेवून वाचावे.