हिवाळ्याच्या ताटासाठी चीज घालून भाजलेले आलू

डिसेंबर-जानेवारीत नागपूरचा पारा १० अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा पाटवडीच्या किंवा सावजी पद्धतीच्या जहाल रश्श्याशेजारी एखादा मऊ, दुधाळ आणि सौम्य पदार्थ ताटात असला, तर जेवणाची तृप्ती वाढते. आलूच्या पातळ चकत्या दुधात आणि क्रीममध्ये शिजवून, वर चीज पसरून ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ या जागेसाठी मला सर्वांत योग्य वाटतो. युरोप-अमेरिकेत तो भाजलेल्या मांसाबरोबर वाढतात. आपल्या ताटात त्याची जागा तिखटाच्या शेजारी आहे. उर्वरित महाराष्ट्र ज्याला बटाटा म्हणतो त्याला आपण आलूच म्हणतो, म्हणून येथेही तोच शब्द ठेवला आहे.

या पदार्थाच्या बहुतेक कृतींत सारा भर चीजवर असतो आणि चीज जितके अधिक तितका पदार्थ सरस, असा समज त्यातून होतो. अनेक हिवाळे हा पदार्थ घरी केल्यावर माझे मत नेमके उलट झाले आहे. चीज हे वरचे आवरण आहे. खरा पदार्थ त्याच्याखाली, आलूतील पिष्ट दुधात उतरून जो दाट रस तयार होतो, त्यात आहे. फ्रान्सच्या दोफिने प्रांतातील ‘ग्रातँ’ हे या पदार्थाचे जुने रूप, आणि त्याचा लिखित उल्लेख १२ जुलै १७८८ रोजी गाप या गावी दिलेल्या मेजवानीच्या संदर्भात सापडतो. तेथील अनेक जाणकार त्यात आजही चीज घालत नाहीत. ‘ग्रातँ’ या शब्दाचे मूळ खरवडणे या क्रियेत आहे. ज्या घरात दूध आटवलेल्या गंजाच्या खरवडीवर मुलांचा डोळा असतो, त्या घराला या पदार्थाच्या कडांना धरलेल्या तांबूस खरपुडीचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही.

सहा ते आठ माणसांसाठी १ किलो आलू, ६०० मिलिलिटर मलईयुक्त दूध, २०० मिलिलिटर फ्रेश क्रीम, १५० ग्रॅम चीज, २५ ग्रॅम लोणी, लसणाच्या दोन मोठ्या पाकळ्या, दीड लहान चमचा मीठ, अर्धा चमचा ताजी मिरपूड आणि चिमूटभर किसलेले जायफळ एवढे साहित्य पुरते. भांडे साधारण २० बाय २५ सेंटिमीटरचे आणि ५ ते ६ सेंटिमीटर खोल असावे. ओव्हनमध्ये चालणारे काचेचे भांडे असेल तर कडेचा रंग बाहेरून दिसतो, हा त्याचा मोठा फायदा आहे.

सर्वाधिक काळजी आलू निवडताना घ्यावी. हिवाळ्यात कॉटन मार्केटला गेल्यास जुना आलू आणि नवा आलू असे दोन ढीग शेजारी-शेजारी दिसतात. नव्या आलूची साल बोटाने घासली तरी निघते, त्यात पाणी जास्त आणि पिष्ट कमी असते. त्याच्या चकत्या अखंड राहतात, पण रस पातळ राहतो. जुना आलू पिठूळ असतो आणि या पदार्थाला तोच हवा, परंतु त्यातही एक अडचण आहे. उत्तर भारतात आलूची मुख्य काढणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात होते आणि तो माल पुढे कित्येक महिने शीतगृहात २ ते ४ अंशांवर ठेवला जातो. इतक्या थंडीत आलूतील पिष्टाचा काही भाग साखरेत बदलतो. असा आलू तळला तर लवकर काळपट होतो आणि दुधात शिजवला तर गोडसर लागतो. म्हणून जुना आलू आणल्यावर तो दोन आठवडे घरातल्या अंधाऱ्या, हवेशीर कोपऱ्यात, कांद्यापासून दूर ठेवावा. त्या काळात साखरेचा बराचसा भाग पुन्हा पिष्टात बदलतो. आलू फ्रिजमध्ये ठेवू नये, याचेही कारण हेच आहे. सिमल्याच्या केंद्रीय आलू संशोधन संस्थेने चिप्ससाठी विकसित केलेल्या ‘कुफरी चिप्सोना’ वाणांत पिष्ट जास्त आणि साखर कमी असते, त्यामुळे विक्रेत्याकडे चिप्सला चालणारा आलू मागितल्यास निवड बहुधा योग्य होते.

शंका असल्यास घरी एक सोपी परीक्षा करता येते. ११ वाट्या पाण्यात १ वाटी मीठ विरघळवून त्यात आलू सोडावा. पिठूळ आलू तळाशी जातो आणि कमी पिष्टाचा आलू तरंगतो. आलूवर हिरवी झाक आली असेल किंवा त्याला बरेच कोंब फुटले असतील, तर तो घेऊच नये, कारण अशा आलूत सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढलेले असते आणि ते शिजवूनही जात नाही.

दुधाच्या बाबतीत हात आखडता घेऊ नये. मलईयुक्त दुधात ६ टक्के स्निग्धांश असतो, टोन्ड दुधात ३ टक्के. स्निग्धांश कमी असलेले दूध ओव्हनच्या उष्णतेत फाटण्याची शक्यता अधिक असते. घरी म्हशीचे दूध येत असेल, तर त्यावरची ताजी साय घोटून क्रीमऐवजी वापरावी. माझ्या मते तिची चव पुडक्यातल्या क्रीमपेक्षा सरस असते. चार-पाच दिवस साठवलेली साय मात्र येथे चालत नाही, कारण तिला आलेला सूक्ष्म आंबटपणा सगळे दूध फाडून टाकतो. याच कारणाने टोमॅटो किंवा दही यांना या पदार्थात थारा देऊ नये. कांदा हवाच असेल तर तो आधी लोण्यात तांबूस होईपर्यंत परतून घ्यावा.

चीज निवडताना प्रत्येक प्रकाराचे काम लक्षात घ्यावे. बाजारात सहज मिळणाऱ्या अमूलसारख्या प्रोसेस्ड चीजमध्ये पायसीकारक क्षार असतात, त्यामुळे ते वितळताना तेल सोडत नाही. मात्र त्याला तार येत नाही. मोझरेलाला तार येते आणि त्यावर सुंदर तांबूस डाग पडतात, पण चव फिकी असते. चेडरला चव असते, परंतु उष्णता जास्त झाली की त्याचे तूप वर तरंगू लागते. म्हणून मी १०० ग्रॅम चेडर किंवा प्रोसेस्ड चीज आणि ५० ग्रॅम मोझरेला असे एकत्र करते आणि किसलेल्या चीजची पिशवी न आणता वडी आणून घरी किसते. परदेशी चीज घेताना शाकाहारी घरांनी हिरवे चिन्ह पाहून घ्यावे, कारण काही चीजसाठी प्राण्यांपासून मिळवलेले रेनेट (दूध साकळवणारे द्रव्य) वापरले जाते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. आलू आधी स्वच्छ धुऊन, सोलून, मग चिप्सच्या किसणीवर ३ मिलिमीटर जाडीच्या चकत्या कराव्यात. चकत्या याहून पातळ झाल्या तर त्यांचा लगदा होतो, आणि जाड झाल्या तर वरचे चीज करपेपर्यंत आतला गर कच्चा राहतो. यापुढची सूचना या लेखातील सर्वांत महत्त्वाची आहे: चकत्या केल्यानंतर त्या धुऊ नयेत आणि पाण्यात बुडवूनही ठेवू नयेत. आलू चिरला की पाण्यात टाकायचा, ही आपल्या हाताची सवय आहे, आणि वेफर्ससाठी ती योग्यही आहे. येथे मात्र चकतीच्या अंगावर जे पांढरट पीठ असते, तेच दूध दाट करणार असते आणि दुधाला फाटण्यापासून सावरणारही असते. पहिल्या वर्षी मी सवयीने चकत्या तीन पाण्यांतून काढल्या होत्या. ओव्हनमधून बाहेर आले ते पाणचट दुधात पोहणारे आलू आणि त्यावर तरंगणारा चीजचा पापुद्रा, आणि पाहुणे जेवायला बसलेले होते. तेव्हापासून किसणी थेट दुधाच्या गंजावरच धरते.

जाड बुडाच्या गंजात दूध, मीठ, मिरपूड आणि ठेचलेल्या लसणाची एक पाकळी घालून दूध गरम करावे. दुधाला उकळी फुटण्याआधी चकत्या त्यात सोडाव्यात आणि मंद आचेवर ८ ते १० मिनिटे शिजवाव्यात. या वेळात गॅसपासून दूर जाऊ नये. पिष्ट तळाशी बसते आणि दूध लागते, त्यामुळे लाकडी सराट्याने तळापासून हलक्या हाताने हलवत राहावे. पिष्टाचे कण साधारण ६० ते ७० अंशांच्या दरम्यान फुगू लागतात आणि दुधाचा पोत डोळ्यांदेखत बदलतो: आधी ते सराट्यावरून पाण्यासारखे ओघळते, मग त्याचा पातळ थर सराट्याला धरून राहतो. चकती उचलून वाकवली असता न तुटता वाकली, म्हणजे ती बरोबर शिजली. त्यानंतर गॅस बंद करून क्रीम आणि जायफळ मिसळावे आणि रस चाखून पाहावा. आलू मीठ शोषून घेतो, म्हणून या टप्प्यावर रस किंचित खारट लागला पाहिजे. चीजमध्ये मीठ असते हेही अर्थातच ध्यानात ठेवावे.

काचेच्या भांड्याला आतून लसणाची दुसरी पाकळी चोळावी आणि मग लोण्याचा भरपूर हात फिरवावा. चकत्या थोड्याथोड्या उचलून एकमेकींवर अर्ध्या चढतील अशा पसरवाव्यात. वरचा थर नीट लावला तरी पुरे. उरलेला रस वरून ओतावा. तो वरच्या थराच्या किंचित खाली राहिला पाहिजे आणि भांड्याचा काठ दीड सेंटिमीटर तरी मोकळा असला पाहिजे, अन्यथा रस उतू जाऊन ओव्हनमध्ये जळतो. मधल्या थरात चीज घालण्याचा मोह मी टाळते, पण मुलांसाठी करायचे असल्यास एक मूठ घालण्यास हरकत नाही.

ओव्हन १८० अंशांवर १५ मिनिटे आधी तापवावा. भांड्यावर फॉइल घट्ट लावून ते मधल्या जाळीवर ३० मिनिटे ठेवावे. मग फॉइल काढून सर्व चीज वर पसरावे आणि तापमान २०० अंश करून आणखी २० ते २५ मिनिटे भाजावे. चीज सुरुवातीपासून घातले तर त्यातील प्रथिने आकसतात, स्निग्धांश बाहेर पडतो आणि वर चामड्यासारखा थर उरतो. घरगुती ओटीजीचा वरचा रॉड पदार्थाच्या फार जवळ असतो, म्हणून शेवटची १० मिनिटे काचेतून लक्ष ठेवावे. मायक्रोवेव्हमध्ये करायचे झाल्यास कन्व्हेक्शन मोडच वापरावा आणि त्यात फॉइलऐवजी उष्णता सोसणारे काचेचे झाकण ठेवावे. मधोमध सुरीचे टोक खुपसल्यावर ते विनासायास आत गेले आणि कडेचा रस बुडबुडत तांबूस झाला, म्हणजे भाजणे पूर्ण झाले.

ज्यांच्याकडे ओव्हन नाही, त्यांनीही हा पदार्थ करावा. गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजणाऱ्या विदर्भाला वरून-खालून आच देण्याचे तंत्र नवे नाही. जाड कढईत लोणी लावून थर रचावेत, कढई तापलेल्या तव्यावर ठेवून आच अगदी मंद करावी आणि चीज घातल्यावर सपाट लोखंडी झाकणावर निखारे ठेवावेत. रंग ओव्हनइतका एकसारखा येत नाही, पण निखाऱ्यांचा जो मंद धुरकट वास चीजला लागतो, तो ओव्हनला देता येत नाही.

भांडे बाहेर काढल्यावर १५ मिनिटे त्याला हात लावू नये. घरभर वास सुटलेला असताना हे कठीण जाते, परंतु गरम असताना रस पातळ असतो आणि थोडा निवल्यावरच पिष्ट तो धरून ठेवते. त्यानंतर सुरीने वडीसारखे चौकोन कापता येतात. वरून बारीक चिरलेला सांबार (कोथिंबीर) आणि चवीपुरते भिवापुरी मिरचीचे जाडसर तिखट भुरभुरावे. तिखट रश्श्याबरोबर वाढताना मात्र मिरची अजिबात घालू नये, कारण तेथे या पदार्थाचे काम जीभ शांत करण्याचे आहे.

सकाळी थर रचून, झाकून फ्रिजमध्ये ठेवले आणि संध्याकाळी भाजले तरी चालते. फक्त भांडे तासभर आधी बाहेर काढावे, कारण थंड काच तापलेल्या ओव्हनमध्ये तडकू शकते, आणि भाजण्याची वेळ १० मिनिटांनी वाढवावी. हा पदार्थ झाकून दुसऱ्या घरी नेण्यासही सोयीचा आहे. अमेरिकेतील युटा राज्यात याच्याच जवळचा एक पदार्थ मृत्यू झालेल्या घरी नेण्याची पद्धत आहे. आपल्याकडेही अशा घरी चूल पेटत नाही आणि शेजारी पिठले-भाकरी घेऊन जातात, त्यामुळे त्यामागची भावना आपल्याला परकी वाटू नये. नागपूरच्या मे महिन्यात मात्र तो करू नये. दूध टिकत नाही आणि तासभर पेटलेला ओव्हन स्वयंपाकघर असह्य करतो.

उरलेला भाग दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा आणि दोन दिवसांत संपवावा. दुसऱ्या दिवशी तो घट्ट झालेला असतो. त्याचे चौकोन कापून, लोखंडी तव्यावर थोडे लोणी सोडून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी तांबूस होईपर्यंत परतावेत, आणि सराट्याने तव्याला धरलेली खरवडही काढून वर वाढावी.