पाण्याखालच्या रोबॉटची वायरिंग: पाणी शिरतं कुठून?

रोबॉट पाण्यात सोडायच्या आधी सगळा जीव सर्किटच्या डब्याच्या झाकणात अडकलेला असतो. ओ-रिंगवर (झाकणाच्या रबरी कडीवर) केस तर नाही ना, ग्रीस लावलं का, स्क्रू सारखे आवळले का. ते बघाच. पण माझ्या डब्यात पाणी आलं ते वायरीतून.

वायरीच्या कडेने नव्हे, तिच्या पोटातून. वायरीत तांब्याच्या बारीक तारांचा पीळ असतो आणि तारांच्या मधे पोकळी. थ्रस्टरकडच्या (रोबॉटला ढकलणाऱ्या पंख्याच्या मोटरकडच्या) जोडाला केसाएवढी फट राहिली की पाणी त्या पोकळीत शिरतं आणि स्ट्रॉमधून यावं तसं सरळ डब्यात येतं. वर दर 10 मीटर खोलीला साधारण एक वातावरण दाब वाढतो, म्हणजे मागून ढकलणाराही आहेच. वायर जिथून आत जाते त्या डब्याच्या भोकात कितीही इपॉक्सी (घट्ट होणारा दोन भागांचा गोंद) ओता, ते इन्सुलेशनला बाहेरून चिकटतं. आतली वाट उघडीच. ओ-रिंग कोरडी ठणठणीत, सर्किट बोर्ड मात्र ओला! या कोड्याने मला इतकं छळलंय की अजून चिडचिड होते.

ही वाट मधेच बुजवावी लागते. इपॉक्सी जिथे ओतणार, तिथे प्रत्येक वायर अर्धा-एक सेंटीमीटर सोला आणि उघड्या तारांत सोल्डर पार आतपर्यंत भिनू द्या. नुसता वरून मुलामा चढला तर उपयोग नाही. सोललेले भाग वरखाली ठेवा, शेजारी शेजारी आले तर शॉर्ट. केबलचं बाहेरचं आवरणही इपॉक्सीच्या आतच संपलं पाहिजे, कारण त्याच्याखालून तशीच दुसरी वाट असते. आवरण सँडपेपरने खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मग बोट लावू नका. सिलिकॉन किंवा टेफ्लॉनच्या इन्सुलेशनला इपॉक्सी धरतच नाही. पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेन घ्या.

ग्लू गनच्या भानगडीत पडू नका. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉनही नको, त्यातलं ॲसिटिक आम्ल तांबं खातं. ‘एवढं काही लागत नाही’ म्हणणारे सिनियर सगळीकडे भेटतात. त्यांचा रोबॉट बादलीबाहेर कधी गेला होता का, एवढंच विचारा.

हे वाचून धास्तावू नका. सोल्डरिंग येत असेल तर यात नवं कौशल्य असं काहीच नाही, फक्त घाई चालत नाही. आणि काम जमलंय का हे पाण्यात न उतरता कळतं. वायरीचं दुसरं टोक उघडं असतानाच हातपंपाने डब्यातली हवा ओढा आणि 15 मिनिटं दाबमापकाचा काटा बघत बसा. काटा घसरला, तर ते टोक साबणाच्या पाण्यात बुडवा आणि थोडा वेळ हवा उलटी, आत भरा. पंप सायकलचा असेल तर हात आवरा, नाहीतर झाकण उडेल. टोकाशी बुडबुडे आले तर चोर सापडला.

टेथरबद्दल, म्हणजे वरून रोबॉटला वीज नेणाऱ्या लांब केबलबद्दल, थोडंच. 1.5 चौरस मिलिमीटरची तार, लांबी 15 मीटर, म्हणजे जाऊन-येऊन 30. रोध साधारण 0.35 ओहम. 10 अँपिअर ओढले की 12 पैकी साडेतीन व्होल्ट वाटेतच गेले. मग थ्रस्टर मरगळतात आणि लोक कोडमधे चूक शोधत बसतात! तार जाड घ्या किंवा वरून जास्त व्होल्टेज सोडून खाली ते उतरवणारा कन्व्हर्टर लावा. टेथरचा ताण रोबॉटच्या सांगाड्यावर घ्या, इपॉक्सीच्या जोडावर नको. आणि फ्यूज वरच, पॉवर सप्लायच्या अगदी जवळ.