लक्ष लागत नाही आणि गोळ्याही घेतल्यात: डॉक्टरांना खरं कसं सांगावं

"चहा-कॉफी किती? तंबाखू? दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत?" डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं आणि मी "नाही, काही नाही" म्हणालो. त्या सकाळी मी मोडाफिनिल या जागं ठेवणाऱ्या औषधाची एक गोळी आणि तीन कप कॉफी घेऊन गेलो होतो. पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या तयारीचं ते माझं दुसरं वर्ष. गोळी अभ्यासिकेत शेजारी बसणाऱ्या मित्राने दिली होती. नाडी मिनिटाला ११२ भरली, बोटं थरथरत होती, झोपेचा पत्ता नव्हता. समोर जे दिसलं त्यावरून डॉक्टरांनी घबराटीचा त्रास मानला आणि त्यावरचं औषध दिलं. पुढचे चार महिने मी सकाळी जागं ठेवणारी आणि रात्री शांत करणारी अशा दोन्ही गोळ्या घेत राहिलो. पाच मिनिटांत पुस्तकावरून उडणारं लक्ष होतं तसंच राहिलं. यात डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं. मी त्यांना अर्धीच हकिगत सांगितली होती.

दुसऱ्या वेळी सगळं सांगितलं. त्याला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. त्या दहा मिनिटांची तयारी कशी करायची, ते इथे लिहितो आहे.

आधी ठरवा, जायचं कुणाकडे

घराजवळच्या फॅमिली डॉक्टरांपासून सुरुवात करायला हरकत नाही, पण मोठ्या माणसातल्या एडीएचडीचं (लहानपणापासून लक्ष न टिकणं, चंचलता, उतावळेपणा या त्रासाचं) निदान आणि त्यावरची औषधं हे मानसोपचारतज्ज्ञांचं काम आहे. समुपदेशक चाचण्या घेऊ शकतात, बोलून मदत करू शकतात, औषध लिहू शकत नाहीत. खासगी फी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. कुठे जावं हेच कळत नसेल तर १४४१६ या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

नाव नोंदवताना "लक्ष न लागण्याबद्दल बोलायचं आहे, पहिलीच वेळ आहे, थोडा जास्त वेळ मिळेल का?" एवढं विचारून ठेवा. गर्दीच्या ओपीडीत वेळ कमी मिळतो, म्हणून पुढची तयारी कागदावर हवी.

निदान सांगू नका, प्रसंग सांगा

"डॉक्टर, मला एडीएचडी आहे, मी व्हिडिओ बघितलेत." असं म्हटलं की संभाषण चुकीच्या वळणाला लागतं. डॉक्टर ते नाव खरं की खोटं हे तपासत बसतात आणि तुम्ही ते सिद्ध करत बसता. नुसतं "लक्ष लागत नाही" हेही पुरत नाही, कारण झोप कमी असलेल्या, थायरॉइड बिघडलेल्या, रक्त कमी असलेल्या किंवा उदास असलेल्या माणसाचंही लक्ष लागत नाही.

म्हणून सात दिवस एक छोटी वही ठेवा. घडलं तसं लिहा: "मंगळवार. वीजबिल भरायला मोबाइल उघडला, चाळीस मिनिटांनी लक्षात आलं की बिल राहिलं." "साहेब बोलत होते, शेवटची तीन वाक्यं ऐकलीच नाहीत." "दूध गॅसवर ठेवून विसरलो, आठवड्यातली दुसरी वेळ." त्याखाली रोज किती वाजता झोपलात आणि किती वाजता उठलात तेही लिहा. हा शेवटचा आकडा फार बोलतो. अभ्यासिकेत रात्री दोनपर्यंत बसून सकाळी सहाला उठणाऱ्याचं लक्ष उडालं, तर आधी झोपेचा प्रश्न सोडवावा लागतो.

कुठे कुठे अडतं, तेही लिहा. निदान करताना त्रास किमान दोन ठिकाणी दिसतो का, सहा महिन्यांहून जास्त काळ आहे का आणि वयाच्या बाराव्या वर्षाआधी त्याच्या खुणा होत्या का, हे पाहतात. फक्त एका विषयात किंवा एकाच साहेबाच्या हाताखाली लक्ष उडत असेल तर तीही माहिती आहे. ती दडवू नका.

ट्रंकेतली प्रगतिपुस्तकं काढा

बाराव्या वर्षाआधीचं कसं आठवणार? इथे आपल्या घरात एक चांगला पुरावा पडून असतो, प्रगतिपुस्तकातले शेरे. "हुशार आहे, पण वर्गात लक्ष देत नाही." "अक्षर सुधारावे, वह्या अपूर्ण." "फार बडबड करतो." तिसरी-चौथीतला असा एक शेरा डॉक्टरांना तुमच्या दहा आठवणींपेक्षा जास्त सांगतो, कारण तो तेव्हा, दुसऱ्या माणसाने लिहिलेला आहे. मोबाइलवर फोटो काढून न्या.

मुलींच्या बाबतीत हे अवघड जातं. जी मुलगी बाकांवर उड्या मारत नाही, खिडकीबाहेर बघत तंद्रीत बसते, तिच्या प्रगतिपुस्तकात "शांत व गुणी" एवढंच लिहिलेलं असतं. अशा वेळी आईला, मावशीला, मोठ्या भावाला विचारा: मी डबा शाळेत विसरायचे का? एक निरोप सांगायला पाठवलं तर पोचायचा का? गृहपाठाला कुणी शेजारी बसावं लागायचं का? त्या धांदरटपणाच्या गोष्टी घरात हसून सांगतात. तुम्ही त्या मन लावून लिहून घ्या.

दुसरा कागद: शरीरात काय काय जातं

हाच भाग माणसं गाळतात. मीही गाळला होता. कागदावर चार रकाने आखा: काय, किती, कधीपासून, कुठून आलं.

सुरुवात चहा-कॉफीने करा. निरोगी प्रौढाला दिवसाला साधारण ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं असं मानतात. एनर्जी ड्रिंकच्या कॅनवर मिलिग्रॅम छापलेले असतात, ते उतरवून घ्या. कॅफिन निम्मं व्हायला सुमारे पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाच्या कॉफीतलं निम्मं रात्री अकराला अंगात असतं. जिमच्या आधी घ्यायची पावडर, वजन कमी करण्याच्या गोळ्या, सर्दीच्या गोळ्या यांतही उत्तेजक घटक असू शकतात. पाकिटांचे फोटो न्या.

मग तंबाखू. सिगारेट आपण मोजतो, पण मशेरी मोजत नाही. सकाळी दात घासायला म्हणून लावलेली मशेरी, जेवणानंतरची चिमूट, व्हेप, सगळ्यात निकोटीन आहे आणि निकोटीन उत्तेजकच आहे. "मला व्यसन नाही, फक्त मशेरी लावते" असं म्हणणाऱ्या कितीतरी बायका आपल्या ओळखीत असतात. ते वाक्य डॉक्टरांसमोर अर्ध्यावर थांबवू नका, दिवसातून किती वेळा तेही सांगा.

आता गोळ्या. मित्राच्या पाकिटातली मिथाइलफेनिडेट (एडीएचडीवरचं उत्तेजक औषध), ऑनलाइन मागवलेली मोडाफिनिल, पार्टीत घेतलेलं एमडी (मेफेड्रोन हा अमली पदार्थ), काहीही असो, लिहा. किती मिलिग्रॅमची, आठवड्यातून किती, शेवटची कधी, चुरा करून नाकाने ओढली का, सोबत दारू होती का. दारू लिहा, गांजा लिहा, झोपेच्या गोळ्या लिहा. गोळी बंद केल्यावर दोन दिवस काय झालं, तेही लिहा: गाढ झोप, चिडचिड, रडू, जगणं नकोसं वाटणं.

एवढा तपशील कशाला, असं वाटेल. कारण यातली प्रत्येक ओळ काही ना काही बदलते. उत्तेजक औषधांनी नाडी आणि रक्तदाब वाढतो. तुम्ही गोळी आणि कॉफी घेऊन गेलात तर मोजलेला आकडा तुमचा नसतोच. आधी मनमानी पद्धतीने गोळ्या घेतल्या असतील तर डॉक्टर ॲटोमॉक्सेटिनसारखं उत्तेजक नसलेलं औषध निवडू शकतात. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, पण त्याची चटक लागत नाही. मोडाफिनिलमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो आणि मोडाफिनिल बंद केल्यावरही महिनाभर कमीच राहू शकतो. हे न कळल्यामुळे एखादीचं केवढं नुकसान होऊ शकतं, याचा विचार करा. आणि पूर्वी कधी उन्मादाचा झटका आला असेल, खूप संशय किंवा भास झाले असतील, तर चुकीची गोळी ते पुन्हा उकरून काढू शकते.

घरातली माहितीही याच कागदावर लिहा. कुणी तरुण वयात अचानक गेलं का? हृदयाचा आजार, बायपोलर, काचबिंदू, फिट्स? उत्तर "हो" असेल तर डॉक्टर औषधाआधी ईसीजी काढायला सांगू शकतात.

दारातून आत गेल्यावर

पहिलं वाक्य घरी पाठ करा. माझं असं होतं: "डॉक्टर, दोन गोष्टी सांगायच्यात. एक, लहानपणापासून लक्ष टिकत नाही. दोन, त्यासाठी मी सहा महिने मित्राकडून गोळ्या घेतल्यात, त्याचा कागद आणलाय." दुसरी गोष्ट पहिल्याच मिनिटात सांगायची. शेवटी, दाराची कडी धरून सांगितलेलं डॉक्टरांना नीट ऐकताही येत नाही आणि तोवर औषध लिहून झालेलं असतं. तोंडाने बोलवत नसेल तर कागद पुढे सरकवा, तेवढंही पुरतं.

"गोळी घेतल्यावर माझं लक्ष लागलं, म्हणजे मला एडीएचडी आहेच ना?" हा प्रश्न विचारा, पण उत्तर ऐकायची तयारी ठेवा. ही औषधं ज्यांना हा त्रास नाही त्यांनाही काही वेळ जागं आणि तरतरीत ठेवतात. गोळी लागू पडली म्हणजे निदान झालं, असं होत नाही. मला हे कळल्यावर वाईट वाटलं होतं, कारण मी तेवढ्याच पुराव्यावर स्वतःची समजूत घातली होती.

आपल्याकडे ओपीडीत सोबत घरचं माणूस असतंच. बालपणाबद्दल सांगायला आई असावी, पण गोळ्यांबद्दल तिच्यासमोर तोंड उघडत नाही. मग सरळ म्हणा: "आई, तू लहानपणीचं सांग, मग मला पाच मिनिटं एकट्याला बोलायचंय." नाही जमलं तर आत जाण्याआधी नर्सला सांगा. डॉक्टरांना अशा विनंतीची सवय असते.

"हे बाहेर तर जाणार नाही?"

हा प्रश्न डॉक्टरांनाच, गोळ्यांबद्दल सांगायच्या आधी विचारा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि कलम २५ ने स्वतःच्या नोंदी पाहण्याचा. अपवाद आहेत: कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल तर माहिती द्यावी लागते. वय अठरापेक्षा कमी असेल तर पालकांचा सहभाग येतो. तुमच्या बाबतीत कुठली गोष्ट कुणापर्यंत जाईल, हे डॉक्टरांकडून स्पष्ट शब्दांत ऐकून घ्या. गोळी देणाऱ्या मित्राचं नाव सांगायची गरज नाही. "मित्राकडून" किंवा "ऑनलाइन, चिठ्ठीशिवाय" एवढं उपचाराला पुरे.

डॉक्टरांनी उडवून लावलं तर

असं होतं. "मोबाइल कमी कर, सगळं ठीक होईल" म्हणून कुणी दोन मिनिटांत बाहेर पाठवतं. वाद घालू नका, वही उघडा आणि एवढंच विचारा: "याची दुसरी कारणं तपासायची असतील तर कोणत्या तपासण्या करू?" थायरॉइड, हिमोग्लोबिन, झोपेतलं घोरणं, उदासी, यांतलं काहीतरी पुढे येतं. तरीही ऐकून घेतलं नाही तर दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. तो तुमचा हक्क आहे.

उलटही घडतं. पाच मिनिटांत, रक्तदाबही न मोजता कुणी उत्तेजक औषध लिहून देतं. तिथेही थांबा आणि विचारा. हवं ते मिळालं म्हणून गप्प बसू नका.

आणि गोळी न घेता दिवस सरत नसेल, डोस वाढत चालला असेल, तर तेही याच खोलीत सांगायचं आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतं आहे. छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, भास होणं किंवा मरणाचे विचार येणं, यांतलं काही असेल तर ओपीडीची तारीख बघत बसू नका. १०८ ला फोन करा.

औषध सुरू झाल्यावर

मिथाइलफेनिडेट भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतं. सगळ्या मेडिकलमध्ये मिळत नाही, मूळ चिठ्ठी लागते. म्हणून ती हरवू नका आणि गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी चौकशी करा. अमेरिकेत शिकून परतणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तिथे एडीएचडीसाठी चालू असलेल्या ॲम्फेटामिन या उत्तेजकाच्या गोळ्या इथे औषध म्हणून विकत मिळत नाहीत. तिथल्या डॉक्टरांची कागदपत्रं घेऊन या आणि परतण्याच्या आधीच इथल्या डॉक्टरांशी पर्यायाबद्दल बोला.

पुढच्या भेटीला तीच वही न्या: भूक, वजन, झोप, नाडी, मूड, आणि कोणत्या दिवशी गोळी चुकली. परीक्षेच्या रात्री दोन घेतल्या असतील तर तेही त्यात लिहा. मी एकदा घेतल्या होत्या. तारखेसकट लिहिलं आणि वही टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी वाचलं, नाडी मोजली आणि विचारलं, "त्या रात्री झोप किती झाली?"